चतुःसीमा

खरेदीखतात घराची किंमत एका ओळीत मावते; त्याच्या चतुःसीमा लिहायला चार ओळी लागतात. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस बोळ. शहरात फ्लॅट घेणारा या ओळी सहसा वाचत नाही. खेड्यात घर घेणाऱ्याला मात्र पुढचे सारे आयुष्य त्या चार ओळींच्या आत आणि त्यांत नावे असलेल्या माणसांच्या सोबतीने काढायचे असते. अण्णांना हे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी उमगले, आणि ते उमगण्यासाठी त्यांना हिंगोली जिल्ह्यातील आपल्या जन्मगावी परतावे लागले.

गाव औंढा नागनाथ तालुक्यातले, शिरड शहापूरपासून पायी तासाभराच्या अंतरावरचे. निजामाच्या राज्यापासून तेथे अण्णांच्या आजोबांचे किराणा-कापडाचे दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, उधारी बुडाली आणि वडिलांनी चार खणांचे माळवदाचे घर विकून औरंगाबादची वाट धरली. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे शहरात दुकान झाले, वाढले, मुलाच्या हाती गेले. जन्मगावाचे नाव केवळ पत्रिकेत आणि जातीच्या दाखल्यावर उरले.

२०२२ च्या दिवाळीनंतर पती-पत्नी शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आले. ही मूर्ती पूर्वी नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर येथे होती आणि नंतर येथे विराजमान झाली, असे परंपरा सांगते. अभिषेक आटोपून मंडपात बसले असताना माईंनी सहज म्हटले, "देवही गाव सोडून दुसरीकडे आले आणि तिथलेच झाले. आपण तर आपल्याच गावी यायचं म्हणतोय. मग इतका विचार कसला करता?" माईंचे माहेर कारंजा लाडचे. खेड्यात राहण्याची हौस मुळात त्यांचीच होती. अण्णांनी ती फार दिवस हसण्यावारी नेली होती.

पण अडचण व्रताची होती. काही वर्षांपूर्वी एका चातुर्मासात अण्णांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले होते. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या मर्यादा सांगताना सोन्या-चांदीच्याही आधी क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख येतो, हे व्यापारी माणसाने विसरू नये. अण्णांनी आपल्या नावे दोनच वास्तू ठेवण्याचा नियम केला होता, आणि राहते घर व गुंतवणूक म्हणून घेतलेला एक लहान फ्लॅट मिळून ती संख्या पुरी झाली होती. मुलाने सुचवले की नवे घर आईच्या नावे घ्यावे, म्हणजे व्रतही मोडणार नाही आणि मुद्रांक शुल्कात स्त्रीला मिळणारी १ टक्का सवलतही मिळेल. माईंनी सवलत स्वीकारली, पळवाट नाकारली. आधी फ्लॅट विकला गेला, मगच गावाकडे शोध सुरू झाला.

शोधाच्या पहिल्या दोन महिन्यांत अण्णांना जे कळले, ते प्रत्येक व्यापारी कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने औंढा तालुक्यातील दुधाळा येथे उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यानंतर अण्णांना भेटणारा प्रत्येक मध्यस्थ दुधाळ्याचेच नाव घेऊ लागला. एकाने पाच गुंठ्यांचे तुकडे दाखवले. व्यवहार शंभराच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर. अण्णांनी हिंगोलीच्या एका वकिलांना विचारले तेव्हा त्यांनी तीन गोष्टी बोटांवर मोजून सांगितल्या. नोटरी केलेल्या कागदाने मालकी येत नाही. स्थावराची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतीचा तुकडा मनास येईल तसा घेता येत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मराठवाड्यात त्यासाठी १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आजही पाहावा लागतो. ज्यांच्या आजोबांकडे या मातीत शेत होते, त्यांना नातवाच्या पिढीत तीच माती विकत घेण्याची मुभा उरलेली नव्हती. अण्णांना ते लागले. पण व्रताचे स्मरण झाल्यावर बरेही वाटले. त्यांना राहण्यापुरते घरच हवे होते.

घर मिळाले ते नेमके वडिलांनी विकलेले. ज्या गृहस्थांनी १९७२ मध्ये ते घेतले होते, ते २०११ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीही गेल्या. थोरला मुलगा शेतातल्या आखाड्यावर राहायला गेला, धाकटा नांदेडला नोकरीस लागला. घराला कुलूप होते. दारावरची कोरीव गणेशपट्टी तीच, कोनाडे तेच; अंगणातली तुळस मात्र वाळून गेली होती. भावांनी जुने खरेदीखत काढून दाखवले. त्यावर जिल्हा परभणी असे लिहिलेले होते, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. खाली वडिलांची सही होती, अक्षरे किंचित तिरकी. अण्णांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. नऊ लाखांना सौदा ठरला आणि इसाराची बोलणी झाली.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. पण तो कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या आहेत, तरी सनदेवर नाव कोणाचे चढले आणि कोणाचे राहिले, हे पाहावेच लागते. वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, बोजा नसल्याची खात्री केली आणि शेवटी विचारले, "मयताला वारस किती?"

नमुना ८ वर दोघा भावांची नावे होती. थोरला म्हणाला, "आम्ही दोघंच, शेटजी." मग क्षणभर थांबून म्हणाला, "एक बहीण आहे, कळमनुरीकडं दिलेली. तिचं काय, तिनं लग्नातच हक्क सोडला."

तोंडाने सोडलेला हक्क कायद्यात सुटत नाही; त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. बापाने स्वकष्टाने घेतलेले घर, मृत्युपत्र न करता मागे राहिले, तर त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. ही तरतूद १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्यापासूनच आहे, आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला, ती पुढची गोष्ट. या घरात बहिणीचा तिसरा हिस्सा होता, त्यात शंकेला जागा नव्हती.

मध्यस्थाकडे तोड तयार होती. दोघा भावांनी आपणच वारस असल्याचे शपथपत्र करावे, खरेदीखतात किंमत थोडी कमी दाखवावी, उरलेली रक्कम रोख द्यावी. "बहीण काय कोर्टात जातीय? अडाणी बाई. अन् गेलीच तर शपथपत्र भावांचं, तुमचं नाव कुठं येतंय?" व्यवहाराच्या दृष्टीने बोलणे चुकीचे नव्हते. चाळीस वर्षांच्या धंद्यात अण्णांनी याहून कच्च्या कागदांवर पक्के सौदे होताना पाहिले होते. त्यांनी नकार दिला नाही. विचार करून सांगतो म्हटले.

त्या रात्री धर्मशाळेत माईंनी एकच प्रश्न विचारला, "आक्कांची सही आपण कशी घेतली होती, आठवतं का?"

अण्णांना आठवत होते. १९९४ मध्ये वडील गेल्यावर औरंगाबादचे दुकान त्यांच्या नावे करण्यासाठी जालन्याहून थोरल्या बहिणीला बोलावले होते. तेराव्याला आलेली बहीण. तिला दोन दिवस थांबवून घेतले, साडी-चोळी केली, गाडीने निबंधक कार्यालयात नेले. तिने विचारले, "कुठं करायची सही?" त्यांनी जागा दाखवली. वाटा हवा का, असे तिला कोणी विचारले नाही. कागद कायद्याने पक्का होता; तीस वर्षांत त्यावर कधी प्रश्न उठला नाही. पण पक्का कागद आणि विचारलेला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री प्रथमच त्यांच्या मनात आले. अचौर्य व्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि चोरून आणलेला माल घेणे, हे दोन्ही सांगितले आहेत. पर्युषणात ते त्यांनी अनेकदा ऐकले होते, आणि माल म्हणजे ताग्यांचा, पोत्यांचा, असेच समजत आले होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस दोघे कळमनुरी तालुक्यात त्या बहिणीच्या घरी गेले. हळद शिजवण्याचे दिवस होते. कढईखाली धूर, आवारात वाळत घातलेली हळकुंडे, बाईंच्या हातांना आणि पदराला तोच पिवळा रंग. शेटजी कशासाठी आले हे ऐकून त्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तीन लाखापायी माहेर जाईल, शेटजी. भाऊ तोडून टाकतील मला."

या वाक्याला अण्णांकडे उत्तर नव्हते. माई एवढेच म्हणाल्या, "घ्यायचं की सोडायचं हे तुम्ही ठरवा. पण तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही त्या घरात राहायला जाणार नाही." आठ दिवसांनी निरोप आला: सही करते, वाटा घेते, मुलगी नर्सिंगला आहे.

थोरला भाऊ भडकला. धाकट्याने फोन घेणे बंद केले. गावात बोलले जाऊ लागले की शेटजी घर घ्यायला आले आणि आल्या आल्या दुसऱ्याच्या घरात भिंत घालून गेले. पारावर बसलेल्यांपैकी कोणी तोंडावर काही बोलले नाही. पण अण्णा दिसताच चाललेले बोलणे थांबे. शहरात शेजारी बोलला नाही तर आठवडाभर कळतही नाही. खेड्यात न बोलणे हे सर्वांत मोठ्याने ऐकू येते. आपण धर्म पाळला की केवळ आपले मन स्वच्छ ठेवण्यासाठी एका बाईचे माहेर पणाला लावले, हा प्रश्न अण्णांनी स्वतःला अनेकदा विचारला. त्याचे निश्चित उत्तर त्यांना मिळाले नाही.

त्यातच २१ मार्च २०२४ ची पहाट उजाडली. सहा वाजून काही मिनिटांनी जमीन हादरली, ४.५ तीव्रतेचा धक्का, आणि दहा-बारा मिनिटांत ३.६ चा दुसरा. माणसे घराबाहेर धावली. मराठवाड्यात भूकंप म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवते, जिथे जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. मुलगा फोनवर म्हणाला, आता तरी हा नाद सोडा. सौदा मोडायला सबळ कारण मिळाले होते. कोणी नावे ठेवली नसती. अण्णांनी अभियंत्याला घर दाखवले. भिंती शाबूत होत्या, भार छताचा होता. पुढच्या खणांवरची माती उतरवून पत्रे टाकावेत, भिंतींना कोपऱ्यांत बांधून घ्यावे, असे ठरले. मागची एक खोली पावसाळ्यानंतर करायची म्हणून तशीच राहिली.

अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात खरेदीखत झाले. पूर्ण किंमत कागदावर, तीन विकणारे, तीन खात्यांवर तीन समान रकमा. सही करताना बहिणीचा हात कापत होता. दोन्ही भाऊ तिच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले.

गावी राहायला येण्यापूर्वी अण्णा जालन्याला गेले. आक्कांपुढे बसून त्यांनी तीस वर्षांपूर्वीचा तो दिवस सांगितला आणि वाटा देण्याची तयारी दाखवली. मनातून त्यांची खात्री होती की आक्का म्हणतील, "वेडा आहेस का, मला काय करायचंय आता?" आक्का म्हणाल्या, "विचार करून सांगते." चार दिवसांनी त्यांचा फोन आला: "दे. थोडंथोडं दिलंस तरी चालेल." ते ऐकून अण्णांना क्षणभर टोचले, आणि का टोचले, हे लक्षात आल्यावर अधिक टोचले. ते द्यायला गेले होते. पण नकार मिळेल या हिशोबाने गेले होते. पहिला हप्ता त्यांनी त्याच महिन्यात पाठवला.

खेड्यातला संसार हळूहळू लागला. वीज केव्हाही जाई, पाणी एक दिवसाआड येई, डॉक्टरांसाठी वसमत किंवा नांदेड गाठावे लागे. पश्चिमेच्या घरातून पहिल्याच आठवड्यात ओल्या हळदीच्या लोणच्याची बरणी आली. कंदमूळ चालत नाही, हे माईंनी संकोचाने समजावून सांगितले. शेजारणीला ते चमत्कारिक वाटले: "हळद खाता, मग ओली का नाही?" पण पुढच्या वेळी तिने स्वतः दळलेली वाळक्या हळदीची पूड आणून दिली. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत मुलांना गमतीची वाटली, महिन्याभरात तीच मुले खेळता खेळता ओरडू लागली, "आजी, दिवस बुडायला आला!" १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला तेव्हा शेजारची माणसे आधी यांच्या दारात आली, मग पारावर गेली.

थोरला भाऊ मात्र समोरून येताना दिसला की वाट बदलत असे. राखीला त्याने बहिणीला बोलावले नाही, हे अण्णांच्या कानावर आले.

सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीचे माळवद ठिबकू लागले, मग धार लागली. अण्णा छत्री घेऊन नुसते उभे होते. पाणी कुठून येते तेच कळत नव्हते. तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला कोणीतरी बोळातून आला आणि न विचारता भिंतीच्या खाचांत पाय रोवून छतावर चढला. तो थोरला भाऊ होता. उत्तरेकडची पन्हाळ मातीने बुजली होती. ती कुठे आहे हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? त्याने ती हाताने मोकळी केली, पाणी बोळात पडू लागल्याचे पाहिले आणि खाली उतरला. माई चहा घ्या म्हणाल्या, तर "नको" म्हणून गेला.

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी अण्णा आखाड्यावर गेले. कळत-नकळत दुखावले असेल तर क्षमा करा, असे म्हणून त्यांनी हात जोडले. त्या माणसाला ही रीत ठाऊक नव्हती. तो गोंधळला, बाज पुढे सरकवली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुम्ही काय वाईट केलं, शेटजी? तिला विचारायला मीच जायला पाहिजे होतं. तुम्ही गेलात, त्याचाच राग होता." मग त्याने चहा ठेवायला सांगितला, आणि आभाळाकडे पाहून विचारले, "अजून दिवस आहे ना? चालंल ना तुम्हाला?"

भाऊबीजेला बहीण आखाड्यावर आली. परतताना ती गावातल्या घरापाशी थांबली, भाऊही सोबत होता. पुढच्या खणांवर पत्रे आले होते, तुळस नवी लावली होती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. परक्याच्या घरात जावे तसे जायचे, की आपल्या घरात जावे तसे, हे तिला ठरवता येत नसावे. माईंनी आतून हाक मारली, "अगं, ये की! तुझ्या सहीशिवाय हे घर आमचं झालंच नसतं." ती आत आली, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात हात घालून पाहिला आणि भावाला म्हणाली, "दादा, आई इथं चिल्लर ठेवायची, आठवतंय का?"

त्याला आठवत होते. तेच घर, तोच कोनाडा. अण्णांची आईही तेथेच चिल्लर ठेवीत असे.